लॉगिन होतं, पण फोल्डर दिसत नाहीत: होस्टिंगवर फाइल्स चढवतानाची नेहमीची अडचण

फाइलझिलामध्ये (आपल्या संगणकावरून होस्टिंगच्या सर्व्हरवर फाइल्स चढवायचं सॉफ्टवेअर) पत्ता, युजरनेम, पासवर्ड सगळं बरोबर भरलंय. वरच्या खिडकीत 'लॉग्ड इन' असंही येतं. मग 'रिट्रीव्हिंग डिरेक्टरी लिस्टिंग' ही ओळ दिसते, वीस सेकंद काहीच हलत नाही, आणि शेवटी लाल अक्षरांत 'फेल्ड टू रिट्रीव्ह डिरेक्टरी लिस्टिंग' येतं. उजवीकडचा सर्व्हरचा रकाना रिकामाच राहतो.

नाशकात छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळताना मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. हंगामाच्या तोंडावर पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष निर्यातदाराचा मुलगा फोन करतो, "दादा, लॉगिन होतंय पण फोल्डर येतच नाहीत." अंबडच्या कारखान्यातून तोच प्रश्न, पंचवटीतल्या लॉजवाल्यांकडूनही तोच. बहुतेकांची तक्रार पुढे अशी असते की हाच लॅपटॉप इंदिरानगरला घरी नेला तर सगळं चालतं, ऑफिसात आणला की बंद. मग होस्टिंगवाल्याला दोष दिला जातो. होस्टिंगवाला म्हणतो आमच्याकडून सगळं ठीक आहे. गंमत म्हणजे बऱ्याचदा ते खरंच असतं.

यावर एक उपाय तोंडोतोंडी फिरतो: फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये एन्क्रिप्शनच्या (मजकूर गुप्त करून पाठवण्याच्या) जागी 'ओन्ली यूज प्लेन एफटीपी' निवडा, म्हणजे फाइल्स पाठवायची एफटीपी ही जुनी पद्धत उघड्यावर वापरा, लगेच चालेल. आणि खरंच चालतं. म्हणूनच तो उपाय इतका पसरलाय. पण तो ज्या कारणाने चालतो, नेमक्या त्याच कारणाने तो वापरू नये. ते कारण एकदा कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून आधी तेच सांगतो.

एफटीपीच्या दोन जोडण्या

एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१चा. तो लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरहून शिकून ते तेव्हा एमआयटीत होते. आज आपण वापरतो ते रूप १९८५मध्ये पक्कं झालं. त्या काळात ना घरोघरी राउटर होते, ना ऑफिसात फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा गाळणारी यंत्रणा). दोन संगणक एकमेकांशी थेट बोलू शकतात असं गृहीत धरून हा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांच्या बोलण्याचे नियम, बांधला गेला.

त्यामुळे एफटीपीत एक नाही, दोन जोडण्या लागतात. पहिली पोर्ट २१ वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक), तिच्यावर फक्त आज्ञा जातात: मी अमुक युजर, हा पासवर्ड, आता यादी दाखव. प्रत्यक्ष यादी किंवा फाइल मात्र दुसऱ्या, दर वेळी नव्याने उघडणाऱ्या जोडणीवरून येते. 'लॉगिन होतं पण फोल्डर दिसत नाहीत' याचा अर्थ सरळ आहे: पहिली जोडणी लागली, दुसरी लागली नाही. युजरनेम-पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करून काहीही होणार नाही, कारण ते बरोबरच आहेत.

दुसरी जोडणी कशी ठरते ते फाइलझिलाच्या वरच्या खिडकीत डोळ्यांनी दिसतं. 'पॅसिव्ह' पद्धतीत सर्व्हर २२७ क्रमांकाचं उत्तर देतो आणि कंसात सहा आकडे असतात. समजा ते (१९२,१६८,१,१०,१९५,८०) असे आले. पहिले चार म्हणजे पत्ता. शेवटच्या दोनांतून पोर्ट काढायचा: १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९९२०, अधिक ८०, एकूण ५००००. सर्व्हर सांगतोय, 'यादी हवी असेल तर पोर्ट ५०००० वर ये.' आता १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता हा घरगुती नेटवर्कचा, बाहेरून तिथे कुणीच पोहोचू शकत नाही. म्हणजे सर्व्हर स्वतःच कुठल्या तरी राउटरमागे बसलाय आणि त्याला आपला बाहेरचा पत्ता सांगता येत नाही. फाइलझिला हे ओळखतो, 'अनराउटेबल अ‍ॅड्रेस' अशी नोंद करून मूळ पत्ताच वापरतो. फाइलझिलासारखी सगळी सॉफ्टवेअर, म्हणजे क्लायंट, इतके शहाणे नसतात.

आता ऑफिसची फायरवॉल बघा. तिला २१, ८०, ४४३ असे ठरावीक पोर्टच बाहेर जाऊ द्यायला सांगितलेलं असतं. मग ५०००० कसा जाणार? साध्या एफटीपीसाठी फायरवॉल एक युक्ती करते: पोर्ट २१ वरचं संभाषण ती स्वतः वाचते, त्यात २२७चं उत्तर दिसलं की तेवढ्यापुरता तो पोर्ट उघडून देते. तुम्ही एन्क्रिप्शन लावलं, म्हणजे एफटीपीएस वापरलं, की तिला ते संभाषण वाचता येत नाही. कुठला पोर्ट उघडायचा हेच कळत नाही. दुसरी जोडणी दारातच अडते आणि वीस सेकंदांनी फाइलझिला हात टेकतो. घरच्या राउटरवर बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर सहसा बंधन नसतं, म्हणून इंदिरानगरला चालतं आणि अंबडला नाही.

प्लेन एफटीपी चालतं ते यामुळे. वाटेतलं यंत्र तुमचं संभाषण वाचू शकतं म्हणून. आणि जे फायरवॉल वाचू शकते ते वाटेतलं कुणीही वाचू शकतं. त्यात युजरनेम असतं, पासवर्ड असतो, दोन्ही उघड्या अक्षरांत. कॉलेज रोडवरच्या कॅफेत वाय-फायवर बसून घाईघाईत एक बॅनर बदलताना तुम्ही आख्ख्या साइटवर लिहिण्याचा अधिकार हवेत सोडता. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण २०२७चा सिंहस्थ जवळ आलाय आणि पंचवटी, त्र्यंबकेश्वर भागातली कितीतरी लॉज आणि गाडीवाले खोल्यांची नोंदणी आणि आगाऊ पैसे साइटवरूनच घेतात. तिथल्या पानावरचा क्यूआर कोड कुणी बदलला तर साइट दिसायला अगदी पहिल्यासारखीच दिसेल. यात्रेकरूचे पैसे मात्र भलत्याच खात्यात जातील.

खरा उपाय: एसएफटीपी

नाव सारखं वाटतं म्हणून लोक एफटीपीएस आणि एसएफटीपी एकच समजतात. एफटीपीएस म्हणजे तोच जुना एफटीपी, वर एन्क्रिप्शनचं कवच. दोन जोडण्यांचं दुखणं तसंच. एसएफटीपीचा एफटीपीशी काही संबंध नाही. तो एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या पद्धतीच्या, पोटात चालतो. एसएसएच १९९५मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी लिहिलं, तेही त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. एसएफटीपीत आज्ञा, यादी, फाइल्स सगळं एकाच एन्क्रिप्टेड जोडणीतून जातं, नेहमीचा पोर्ट २२. फायरवॉलला आत डोकावायची गरज नाही. एक पोर्ट उघडा असला की काम झालं.

फाइलझिलात साइट मॅनेजर उघडा, प्रोटोकॉलच्या जागी एसएफटीपी निवडा, पोर्ट भरा, जोडा. इथे अडलात तर आलेला संदेश नीट वाचा, कारण प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोहोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. शेअर्ड होस्टिंगवर एसएसएच बऱ्याचदा मुळात बंदच असतं, होस्टिंगच्या पॅनेलमधून (खातं सांभाळायच्या पानावरून) चालू करावं लागतं किंवा सपोर्टला तिकीट, म्हणजे लेखी विनंती, टाकून मागावं लागतं. शिवाय अनेक कंपन्या २२ ऐवजी २२२२ किंवा आणखी कुठला पोर्ट ठेवतात. पॅनेलच्या 'एसएसएच अ‍ॅक्सेस' पानावर तो लिहिलेला असतो. अंदाजाने आकडे टाकत बसू नका.

'टाइम्ड आउट' आलं तर वाटेत कुणीतरी उत्तरच न देता तुमची जोडणी टाकून देतंय. लगेच मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तीच साइट जोडून बघा. हॉटस्पॉटवर चालली तर दोष ऑफिसच्या नेटवर्ककडे किंवा तुमच्या आयपी पत्त्यावरच्या बंदीकडे. हॉटस्पॉटवरही नाही चालली तर पत्ता किंवा पोर्ट तपासा. या एका चाचणीने जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्या कशानेच वाचत नाही.

'कॅनॉट एस्टॅब्लिश एफटीपी कनेक्शन टू अ‍ॅन एसएफटीपी सर्व्हर' असं आलं तर पोर्ट २२ भरलाय पण प्रोटोकॉल एफटीपीच राहिलाय. साइट मॅनेजरमध्ये प्रोटोकॉल बदलायचा राहिला की हे हमखास होतं.

पासवर्ड नाकारला जात असेल आणि तुमचं युजरनेम ईमेलसारखं, मध्ये अ‍ॅटचं चिन्ह असलेलं असेल, तर थांबा. सीपॅनेलमध्ये (बऱ्याच होस्टिंगवर असणारं पॅनेल) वेगळी बनवलेली एफटीपी खाती एसएफटीपीला चालत नाहीत. तिथे मुख्य खात्याचंच युजरनेम लागतं, जे सहसा छोटं आणि अ‍ॅटविना असतं. होस्टिंग घेताना आलेल्या पहिल्या ईमेलमध्ये ते सापडतं.

आणि साइट क्लाउडफ्लेअरमागे (साइट आणि तिला भेट देणारे यांच्यामध्ये उभी राहणारी सेवा) असेल, म्हणजे तिच्या डीएनएसमध्ये, डोमेनच्या पत्त्यांच्या यादीत, नारिंगी ढग चालू असेल, तर डोमेनचं नाव टाकून एफटीपीही लागणार नाही, एसएफटीपीही नाही. तो ढग फक्त वेबची वाहतूक पुढे पाठवतो. डोमेनऐवजी होस्टिंगने दिलेलं सर्व्हरचं नाव किंवा आयपी पत्ता टाका. साइट छान उघडते पण फाइल्स चढत नाहीत, अशा कोड्याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.

पहिल्यांदा जोडताना एक खिडकी येते: सर्व्हरची की (त्याची ओळख पटवणारी) अनोळखी आहे, तिचा ठसा (त्या कीची छोटी खूण) अमुक आहे, विश्वास ठेवायचा का? डोळे झाकून 'ओके' करू नका. होस्टिंगच्या पॅनेलवर किंवा सपोर्टकडून तो ठसा मागा, निदान सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरं जुळवा. तीच खिडकी काही महिन्यांनी 'की बदलली आहे' असं सांगत आली, तर होस्टिंगने सर्व्हर बदललाय का हे आधी विचारा. बदलला असेल तर ठीक. नसेल तर त्या नेटवर्कवरून पासवर्ड टाकू नका.

काल चालत होतं, आज नाही

ही तक्रार वेगळी आहे. कालपर्यंत चालणारी जोडणी आज अचानक 'टाइम्ड आउट' देते आणि तीही फक्त तुमच्याच ठिकाणाहून, तेव्हा बहुतेक वेळा सर्व्हरने तुमचा आयपी पत्ता अडवलेला असतो. चुकीचे पासवर्ड वारंवार आले की सर्व्हर तसं करतो. फेल-टू-बॅन या साधनाची मूळ मांडणी दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटं बंदी अशी आहे. होस्टिंगवाले ती बरीच कडक करतात. पासवर्ड बदलल्यावर दुसऱ्या संगणकावर, नाहीतर एखाद्या बॅकअपच्या प्लगिनमध्ये जुनाच पासवर्ड साठवलेला राहतो आणि तो गुपचूप दार ठोठावत राहतो. आधी तो शोधा.

कधीकधी तुमची काहीच चूक नसते. बरेच ब्रॉडबँड आणि मोबाइल सेवावाले एकच बाहेरचा आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. शेजारच्या कुणाच्या संगणकात व्हायरस असला तरी बंदी तुमच्यावर येते. सपोर्टला लिहिताना 'साइट चालत नाही' एवढंच न लिहिता स्वतःचा बाहेरचा आयपी पत्ता, वेळ आणि आलेला संदेश जसाच्या तसा द्या.

चावी वापरत असाल तर

पासवर्डपेक्षा एसएसएचची चावी, म्हणजे तुमची ओळख पटवणाऱ्या दोन फाइल्सची जोडी, कधीही बरी. रोज फाइल्स चढवणाऱ्याने ती करूनच घ्यावी. एडी २५५१९ प्रकारची चावी बनवा, सार्वजनिक भाग पॅनेलमध्ये टाका, खाजगी भाग स्वतःच्याच संगणकावर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका. सीपॅनेलमध्ये चावी नुसती आयात करून भागत नाही, पुढे 'ऑथराइज' दाबावं लागतं. 'चावी टाकली तरी पासवर्ड मागतोय' म्हणणाऱ्यांचं इथेच राहिलेलं असतं. स्वतःचा सर्व्हर असेल तर होम फोल्डरच्या परवानग्या बघा. ते फोल्डर ग्रुपला किंवा सगळ्यांना लिहिण्यासाठी खुलं असेल तर एसएसएच ती चावी मानतच नाही.

जुनी आरएसए (चावीचा आणखी एक प्रकार) चावी किंवा जुना क्लायंट असेल आणि होस्टिंगने सर्व्हर नवा केल्यावर अचानक जोडणी तुटली असेल, तर कारण बहुधा सर्व्हरवर एसएसएच चालवणारं सॉफ्टवेअर, ओपनएसएसएच ८.८. २०२१च्या या आवृत्तीपासून शा-१ या जुन्या गणिती पद्धतीवर आधारलेल्या आरएसए सह्या (चावीने ओळख पटवायची खूण) मूळ मांडणीतच बंद झाल्या. सर्व्हरवर जुनी पद्धत पुन्हा चालू करायला सांगू नका. क्लायंट अद्ययावत करा. पुटी हा एसएसएचचा क्लायंट ०.७५पासून नव्या सह्या समजतो.

स्वतःचा व्हीपीएस (भाड्याने घेतलेला स्वतंत्र आभासी सर्व्हर) चालवणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. एसएसएचने टर्मिनल लागतं, पण एसएफटीपी 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग' असं म्हणून पुढे भलामोठा आकडा टाकतं. तो आकडा काय आहे माहितेय? तुमच्या बॅशआरसी फाइलमध्ये (लॉगिनच्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) लॉगिन होताच एखादी ओळ छापायची आज्ञा असते. एसएफटीपी त्या ओळीची पहिली चार बाइट म्हणजे निरोपाची लांबी असं समजतो. तिथे 'नमस्कार' छापत असाल तर आकडा येईल ३७६८८८७५२०, कारण यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटच्या रूपात साठवायची पद्धत) 'न'ची तीन बाइट आणि 'म'चं पहिलं बाइट मिळून तेवढे होतात. त्या आकड्याने बिचकून लोक सर्व्हर नव्याने बसवतात. छापणारी ओळ काढा किंवा ती फक्त माणूस टर्मिनलवर असतानाच चालेल अशी अट घाला.

होस्टिंगकडे एसएफटीपी नसेलच तर

काही स्वस्त योजनांत खरोखर नसतं. मग एफटीपीएस वापरा, पण 'रिक्वायर एक्स्प्लिसिट' हा पर्याय निवडून. 'उपलब्ध असेल तर' हा पर्याय गरज पडली तर साध्या एफटीपीवर घसरू शकतो. ऑफिसच्या नेटवर्कवाल्याला पोर्ट २१सोबत पॅसिव्ह पोर्टांची मालिका बाहेर जाऊ द्यायला सांगा. सीपॅनेलच्या सर्व्हरवर ती सहसा ४९१५२ ते ६५५३४ असते. प्रमाणपत्राचं नाव जुळत नाही असा इशारा आला तर डोमेनऐवजी सर्व्हरचं स्वतःचं नाव टाका. यादी मागताना ४२५ किंवा ५२२ क्रमांकाची चूक आणि 'सेशन रीयूज' असे शब्द दिसले तर क्लायंट जुना आहे, नवा घ्या. पुढच्या वर्षी योजनेचं नूतनीकरण करताना मात्र एसएफटीपी देणारीच घ्या. वर्षाकाठच्या फरकापेक्षा एकदा हॅक झालेली साइट धुऊन काढणं खूप महाग पडतं.

फाइल्स गेल्या, पण साइट जुनीच

फाइल्स चढल्या, शंभर टक्के दिसलं, साइटवर बदल नाही. आधी फोल्डर बघा: फाइल पब्लिक एचटीएमएलच्या, म्हणजे साइटवर दिसणाऱ्या फाइल्सच्या फोल्डरच्या, आत गेलीय की बाहेर पडलीय? मग कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ करा. चित्र दिसत नसेल तर नावातली अक्षरं बघा. विंडोजला मोठ्या इंग्रजी अक्षराची 'Logo' आणि लहान अक्षराची 'logo' एकच, लिनक्स सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइल्स.

मराठी नावांच्या फाइल्समध्ये आणखी एक खाच आहे. जुन्या मॅकवर 'शेतकऱ्यांसाठी' असं नाव दिलेली पीडीएफ तयार केली, तर त्यातला 'ऱ' एका अक्षराऐवजी 'र' आणि खालचा नुक्ता असा फोडून साठवला जातो. डोळ्यांना नाव तंतोतंत तेच दिसतं. लिनक्स सर्व्हरला ते वेगळं नाव वाटतं आणि लिंक तुटते. पानावर मराठी हवं तितकं वापरा; फाइलचं नाव मात्र साध्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि आडव्या रेघेने जोडलेलं ठेवा.

परवानग्यांचं थोडक्यात: फाइल्सना ६४४, फोल्डरांना ७५५. काही चालत नाही म्हणून ७७७, म्हणजे सगळ्यांना लिहायची मोकळीक, करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आख्खं वर्डप्रेस चढवताना मध्येच ४२१ क्रमांकाची 'टू मेनी कनेक्शन्स' अशी चूक येत असेल तर एकाच वेळी जाणाऱ्या फाइल्सची संख्या दोनवर आणा. त्याहून सोपं म्हणजे हजारो बारक्या फाइल्स एकेक पाठवूच नका. झिप करा, एकच फाइल चढवा, पॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये उलगडा आणि झिप लगेच काढून टाका. तिथे राहिलेली झिप कुणीही ब्राउझरमधून उतरवून घेऊ शकतं आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो.

एसएफटीपी एकदा नीट लागलं की त्याच दिवशी पासवर्ड बदला. जो साध्या एफटीपीवरून गेलाय तो उघडा पडला असंच समजा. फाइलझिलात मास्टर पासवर्ड लावा, नाहीतर साठवलेले पासवर्ड संगणकावर कुणालाही सहज उलगडता येतील अशा रूपात पडून असतात. शेवटी पॅनेलमधल्या एफटीपी खात्यांची यादी उघडा. साइट पहिल्यांदा बनवणारा मुलगा कधीच पुण्याला नोकरीला गेलेला असतो आणि त्याचं खातं तिथे जिवंत असतं. ज्या खात्याचा मालक तुम्हाला सांगता येत नाही ते काढून टाका. मग फाइल मॅनेजरमध्ये फाइल्स बदलाच्या तारखेप्रमाणे लावा आणि तुम्ही न केलेला एखादा बदल वर दिसतो का ते पाहा. दिसला, तर ती फाइल उघडायच्या आधी सर्व्हरवरच्या सगळ्या फाइल्सची एक प्रत एसएफटीपीने स्वतःकडे उतरवून घ्या आणि होस्टिंगला त्या तारखेच्या लॉगिनच्या नोंदी मागा.